आचार्य, आचारी आणि फुकटचा र

बँकेतल्या कारकुनाची चूक शून्याची असते, असा लोकांचा समज आहे. माझ्या हातून झाली ती अर्ध्या 'र'ची.

लाखनीच्या आमच्या शाखेत मराठी पत्रे लिहिण्याचे काम माझ्या गळ्यात आहे. मी बी. कॉम. असूनही मराठी वाचतो, अशी कुणीतरी साहेबांकडे चुगली केली. लग्नाचा स्वयंपाक करणाऱ्या एका गृहस्थांना गंज, कढया आणि सराटे घ्यायला कर्ज मंजूर झाले. मी घरच्या संगणकावर पत्र टाइप केले : 'अर्जदार आचार्यास कर्ज मंजूर करण्यात येत आहे.'

दुसऱ्या दिवशी गृहस्थ पत्रासह खिडकीशी हजर. "बाबूजी, मी का मास्तर आहो का जी? मी त भात रांधतो!"

चूक कळली, पण दुरुस्त होईना. 'र'चा पाय मोडला की तो उडी मारून 'य'च्या डोक्यावर बसे. आमच्या बदलीवर आलेल्या साहेबांसारखा! शेवटी चिरंजीव मदतीला आले. "बाबा, शिफ्ट दाबून र मारा. खाली टिंब असलेला ऱ येईल. मग त्याचा पाय मोडा." तसे केले आणि काय सांगू, आचार्यांचा एका क्षणात आचारी झाला. टिंबही गडप!

"हे यंत्राला शिकवलं कुणी?"

"हार्फबझनं. लायब्ररी आहे ती."

लायब्ररी म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे कपाट, किल्ली आणि डुलक्या घेणारे ग्रंथपाल येतात. ही लायब्ररी वेगळी. एकाने लिहून ठेवलेली आज्ञावली दुसऱ्याने उचलायची आणि आपल्या प्रोग्रॅमात बसवायची. कोणते अक्षर कोणाच्या डोक्यावर नि कोणते पायाशी, एवढेच हार्फबझ पाहते. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिबरऑफिस सगळे तिच्याच जिवावर अक्षरे जुळवतात. बेहदाद एस्फहबोद ह्या इराणी वंशाच्या माणसाने ती घडवली. नाव फारसी : हर्फ म्हणजे अक्षर, बाझ म्हणजे उघडे. जुन्या कागदपत्रांतला आपला 'हरफ' तो हाच! अक्षरांचे साचेही असेच खुले मिळतात. रेड हॅट कंपनीने २००४ साली भारतीय लिप्यांचा 'लोहित' टंकसंच खुला केला. तिच्या पुण्यातल्या मंडळींनी तो पुढे वर्षानुवर्षे सांभाळला.

"आणि पैसे?"

"फुकट."

फुकट म्हटले की बँकवाल्याला घाम फुटतो. जामीनदार कोण, असे तोंडावर येते. म्हणून मी ह्या फुकटेपणाचा इतिहास काढला, तर मुळाशी निघाला एक प्रिंटर. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीत रिचर्ड स्टॉलमन ह्यांच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा नवा प्रिंटर आला. कागद अडकला की तो गप्प बसे. जुन्या प्रिंटरला बोंब मारायला त्यांनी शिकवले होते, पण नव्याची आज्ञावली त्यांना कुणी दाखवीना. चिडून स्टॉलमननी १९८३ साली 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला : आज्ञावली सर्वांनी वाचावी, सुधारावी, वाटावी. १९९१ साली फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सने त्यात लिनक्सची भर घातली. प्रिंटर अडला तर तिकडे चळवळ उभी राहते. आमच्याकडे 'उद्या या' ही पाटी.

पुढच्या खेपेला आचारीबुवांना नवे पत्र दिले आणि ही कथाही ऐकवली. त्यांनी 'र' निरखून पाहिला.

"त्या मानसाले का द्याचं मंग?"

"काही नाही. सगळ्यांचं आहे ते."

"सगळ्याइचं म्हंजे आमच्या तलावासारखं. पन गाळ कोन काढते?"

मी गप्प झालो. आमच्या भंडाऱ्याच्या मामा तलावांची गोष्ट तीच. गोंड राजांच्या काळात कोहळी मंडळींनी ते खोदले, मालगुजारांनी सांभाळले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले आणि पाणी सगळ्यांचे राहिले. गाळ मात्र कुणाचाच उरला नाही.

तिकडेही तसेच झाले. इंटरनेटवरचे व्यवहार कुलूपबंद ठेवणारी 'ओपनएसएसएल' ही लायब्ररी निम्म्याहून अधिक जगाने उचलली होती. २०१४ साली तिच्यात 'हार्टब्लीड' नावाचे भोक सापडले. तेव्हा कळले की तिच्यावर पूर्णवेळ राबणारा माणूस एकच, आणि वर्षाची देणगी सुमारे २,००० डॉलर! म्हणजे तेव्हाचे सव्वा लाखही नाहीत. जगाच्या तिजोरीच्या रखवालीसाठी आलेली देणगी आमच्या शिपायाच्या पगाराएवढीही नव्हती. मग मोठमोठ्या कंपन्या जाग्या झाल्या आणि वर्गणी निघाली.

वीस वर्षांच्या नोकरीत 'व्याज किती' हे मला हजारोंनी विचारले. 'फुकट मिळालं, पण द्यायचं काय' असे विचारणारा हा पहिलाच. चिरंजीव म्हणाले, पैसेच हवेत असे नाही; मराठीत कुठले अक्षर चुकते ते कळवले तरी काम होते.

हल्ली रात्री जेवणानंतर मी अवघड जोडाक्षरे टाइप करून बघतो. बिघडलेले सापडले की चिरंजीवांकरवी कळवतो. ही विचारते, "ह्याचे काय मिळतात?"

मी म्हणतो, "गाळ काढतो आहे. टोपलीभर."