शस्त्राचा परवाना आणि मनाचा पंचनामा

९ डिसेंबर २०२४ रोजी बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून त्यांचा निर्घृण खून करण्यात आला. या खुनाची पहिली ठिणगी तीन दिवस आधी एका पवनऊर्जा प्रकल्पाच्या दारात पडली होती. तिथल्या दलित सुरक्षारक्षकाला मारहाण झाली आणि सरपंच त्या भांडणात मध्ये पडले. ही गोष्ट पुढे हळूहळू मागे सारली गेली आणि दुसराच प्रश्न गाजला. एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक लोकांकडे शस्त्रपरवाने असल्याचे उघड झाले. कमरेला पिस्तूल लावून मिरवणाऱ्यांची चित्रे घरोघर पोचली. प्रशासन जागे झाले आणि शंभराहून अधिक परवाने रद्द झाले.

आमचा पाथर्डी तालुका बीडला लागून आहे. तिसगावच्या बसस्टँडवर त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. एका कार्यकर्त्या तरुणाने मला विचारले, "सर, त्यांना परवाने मिळतात, तर आपण का मागू नयेत?" शेजारी बसलेले एक शिक्षक म्हणाले, "हत्याराचा काय दोष? माणसांची मनेच बिघडली आहेत. इलाज मनावर व्हायला हवा." एकाचे बोट शस्त्राकडे होते, दुसऱ्याचे मनाकडे. कोणत्याही मोठ्या हत्याकांडानंतर जगभर याच दोन बाजूंनी वाद होतो. परंतु हे दोन्ही प्रश्न आपल्या इतिहासातून गाळून घेतल्याशिवाय आपण त्यांची उत्तरे देऊ नयेत, असे मला वाटते.

प्रथम शस्त्राचा प्रश्न घेऊ.

चातुर्वर्ण्याने शूद्रातिशूद्रांना ज्ञान नाकारले हे आपण नेहमी सांगतो, पण शस्त्र नाकारले हे तितक्या आवर्जून सांगत नाही. बाबासाहेबांनी मात्र १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'च्या प्रबंधात ते ठळकपणे मांडले. इतर देशांत तळच्या वर्गांनी बंडे केली. इथे ती झाली नाहीत, कारण इथल्या तळच्या माणसाचा हात धर्मानेच निःशस्त्र केला होता, हा त्यांच्या मांडणीचा गाभा आहे. गावगाड्यात वेसकर महाराने रात्रभर वेशीवर जागायचे, सरकारी खजिना पोचवायचा, चोराचा माग काढायचा. ज्या गावाची तो राखण करी, त्या गावात तो माणूस म्हणून उभा राहू शकत नव्हता. आणि राखणीसाठी त्याच्या हाती काय? घुंगराची काठी! ती काठी तर त्याच्या अस्पृश्यतेचीच खूण होती.

हा हात शस्त्राला नालायक होता काय? १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईने त्याचे उत्तर दिले आहे. मुंबई लष्करात महार शिपायांनी पिढ्यान्‌पिढ्या नोकरी केली. बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते. तरीही १८९२-९३ च्या सुमारास 'लढाऊ जाती'च्या सिद्धांताखाली ही भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली तीच मागणी केली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली, गरज संपताच १९२१ मध्ये मोडली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट स्थापन झाली आणि १९४६ मध्ये तिला मशीनगन रेजिमेंट करण्यात आले. देशासाठी ज्यांच्या खांद्यावर मशीनगन दिली, त्यांचीच भावकी आपल्या गावात रात्री दाराला कडी लावून जीव मुठीत धरून बसते, हा विरोधाभास आपल्या डोळ्यांसमोर आहे.

इंग्रजांनी १८७८ साली शस्त्रांचा कायदा करून हिंदी माणसाला निःशस्त्र केले. युरोपियनांना त्यातून सूट होती. राष्ट्रीय चळवळीने त्याविरुद्ध आवाज उठवला. १९३१ च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घातला गेला. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी हाच हक्क घटनेत यावा म्हणून दुरुस्ती सुचवली. तिला विरोध कोणी केला? बाबासाहेबांनी. असा हक्क सरसकट दिला तर तो गुन्हेगारालाही मिळेल, असे त्यांनी बजावले. व्यक्तीच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्कापेक्षा राज्याच्या रक्षणासाठी शस्त्र उचलण्याचे नागरिकाचे कर्तव्य त्यांना महत्त्वाचे वाटत होते.

१९३६ चे बाबासाहेब आणि १९४८ चे बाबासाहेब परस्परविरोधी बोलतात काय? मला तसे वाटत नाही. एका वर्णाच्या हाती शस्त्र आणि दुसऱ्याच्या हाती काहीच नाही, ही गुलामीची व्यवस्था. प्रत्येकाच्या हाती शस्त्र, ही बळजोराची व्यवस्था. शस्त्र राज्याच्या हाती आणि राज्य सर्वांना सारखेच जबाबदार, ही लोकशाहीची व्यवस्था. महाडला २० मार्च १९२७ रोजी परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ला झाला, तेव्हा त्या मेळाव्यात लष्करातून निवृत्त झालेले कितीतरी महार होते. त्यांना प्रतिकार करता आला नसता असे नाही. बाबासाहेबांनी त्यांना आवरले आणि न्याय राज्याकडे मागितला. त्या संयमाला दुबळेपणा म्हणणाऱ्याला महाड समजलेच नाही.

आता ज्या राज्याकडे आपण न्याय मागितला, त्याने काय केले ते पाहू. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात एक कलम आहे: केवळ पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने कोणाला परवाना नाकारता येणार नाही. कागदावर हे समतेचे कलम आहे. आणि अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांतील तिसरा नियम तर प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावा असा आहे. जिथे अत्याचाराची भीती आहे ते क्षेत्र राज्य सरकारने निश्चित करावे. आवश्यक वाटल्यास त्या क्षेत्रातील अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या व्यक्तींचे, त्यांच्या जवळच्या नातेवाइकांचे, नोकरांचे आणि कुटुंबमित्रांचे शस्त्रपरवाने रद्द करून ती शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करावीत. बेकायदा बंदुका जप्त कराव्यात. आणि आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शस्त्रपरवाने द्यावेत! म्हणजे स्टँडवरच्या त्या तरुणाने विचारलेला प्रश्न कायद्याने तीस वर्षांपूर्वीच ऐकला आहे.

मग आपण परवाने मागावेत का? इथे आपल्याच जिल्ह्याचा इतिहास आडवा येतो. १ जानेवारी २०१३ रोजी नेवासे तालुक्यात सोनई येथे मेहतर समाजातील तीन सफाई कामगार तरुणांचे खून झाले. २८ एप्रिल २०१४ रोजी जामखेड तालुक्यात खर्डा येथे एका सतरा वर्षांच्या शाळकरी मुलाला शाळेतून ओढून नेऊन मारले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आमच्या तिसगाव परिसरातील जवखेडे खालसा येथे आईबाप आणि त्यांचा तरुण मुलगा अशा तिघांची हत्या करून त्यांच्या देहांचे तुकडे विहिरीत टाकले गेले. यांतल्या एकालाही बंदुकीची गोळी लागली नाही. सोनईत तर शेतातलीच धारदार अवजारे वापरली गेली. विळा, कोयता, कुऱ्हाड यांना परवाना लागत नाही. खर्ड्याच्या मुलाच्या दप्तरात पिस्तूल असते तर तो वाचला असता, असे कोणी म्हणेल काय? गर्दी, जात आणि गावाचे मौन ही तीन हत्यारे एकत्र आली की चौथ्या हत्याराची गरज उरत नाही.

बंदुकीचे मात्र दुसरे काम आहे. ती चालली नाही तरी बोलते. गावच्या बैठकीत, ग्रामसभेत, साक्षीदाराच्या दारासमोर ती नुसती दिसली तरी पुरते. आणि जिथे ती चालली तिथे काय झाले हे बिहारने दाखवले आहे. १ डिसेंबर १९९७ रोजी लक्ष्मणपूर बाथे येथे रणवीर सेनेने ५८ दलितांना मारले. २०१३ मध्ये पाटणा उच्च न्यायालयातून सारे आरोपी सुटले. म्हणून तिसऱ्या नियमातील 'परवाने द्या' यापेक्षा 'परवाने काढून घ्या' हा भाग आपल्यासाठी अधिक मोलाचा आहे. मस्साजोगनंतर शंभराहून अधिक परवाने रद्द होऊ शकतात, तर ते मस्साजोगच्या आधी का होऊ शकत नव्हते?

परवाना देणाऱ्याचा हात कोणाकडे झुकतो हे अमेरिकेतही दिसले. १९५६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बाँब पडला. त्यांनी बंदुकीचा परवाना मागितला तो नाकारला गेला. १९६७ मध्ये ब्लॅक पँथर्स उघडपणे शस्त्र घेऊन रस्त्यावर आले, तेव्हा कॅलिफोर्नियाने तातडीने मलफर्ड कायदा करून भरलेली बंदूक उघड बाळगण्यावर बंदी घातली. त्याच पँथर्सकडून नाव घेऊन १९७२ मध्ये मुंबईत आपल्या तरुणांनी दलित पँथर उभी केली. त्यांनी नाव घेतले, पण बंदूक घेतली नाही; लेखणी, सभा आणि मोर्चा घेतला. हा फरक आपण अभिमानाने सांगितला पाहिजे.

आता मनाचा प्रश्न.

३१ जुलै २०२३ रोजी जयपूर-मुंबई एक्सप्रेसमध्ये पालघरजवळ रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायाने सरकारी रायफलीने आपल्या वरिष्ठाला आणि तीन मुस्लिम प्रवाशांना ठार केले. पहिल्या दिवसापासून त्याच्या मनोविकाराची चर्चा सुरू झाली. तो आजारी होता की नव्हता हे डॉक्टरांनी आणि न्यायालयाने ठरवायचे आहे. पण मरणारे प्रवासी वेगवेगळ्या डब्यांतले होते आणि तरीही एकाच धर्माचे होते. ही निवड कोणत्या रोगाची?

मनोरुग्णाला हिंसक ठरवणे हा त्या रुग्णावरचाच अन्याय आहे. बहुसंख्य मनोरुग्ण कोणाला इजा करत नाहीत. उलट तेच मार खातात. तरीही प्रस्थापित माणसाने गुन्हा केला की तो 'माथेफिरू' ठरतो आणि त्याचा समाज मोकळा होतो. बाबासाहेबांनी जातीला मनाची अवस्था म्हटले होते. ही अवस्था शस्त्रपरवान्यासाठी लागणाऱ्या वैद्यकीय दाखल्यात सापडणार नाही. कायदा वेड्या माणसाला परवाना नाकारतो. जातीने आंधळ्या झालेल्या शहाण्या माणसाला नाकारत नाही. त्याच्यासाठी आहे तो वर सांगितलेला तिसरा नियमच.

आणि वाचलेल्यांच्या मनाचे काय? खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी ज्याची पत्नी, मुलगी आणि दोन मुलगे मारले गेले, तो बाप पुढे दहा वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या चढत राहिला आणि जानेवारी २०१७ मध्ये हृदयविकाराने गेला. त्याच्या मनाचा पंचनामा कोणी केला? जवखेड्यात संशय मृतांच्या नातेवाइकांवरच वळला. तेच आरोपी झाले आणि सत्र न्यायालयातून निर्दोष सुटले. तीन माणसे मेली हे खरे, आणि मारणारा सापडला नाही हेही खरे. हे ओझे घेऊन ती वस्ती कशी झोपत असेल? खर्ड्याच्या खटल्यात साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी सुटले. साक्षीदार फितूर होतो तेव्हा त्याच्या मनात काय चालते, याचा विचार आपण तरी करतो काय? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी उपचाराचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. तिसगावच्या माणसाला मनोरुग्णालय म्हटले की येरवडा आठवते, आणि येरवडा म्हटले की शरम वाटते.

म्हणून स्टँडवरच्या त्या तरुणाला माझे उत्तर असे आहे. बाबा रे, पिस्तूल मागू नकोस. घरात आलेले पिस्तूल आधी घरच्याच माणसाच्या जिवावर उठते. त्याऐवजी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा दक्षता समितीकडे जा. तिने दर तीन महिन्यांनी बसायचे असते. तिथे लेखी विचार: जिल्ह्यातील अत्याचारप्रवण गावे कोणती ठरवली? त्या गावांत कोणाकडे परवाने आहेत? तिसऱ्या नियमाखाली किती शस्त्रे जमा केली? साक्षीदारांना २०१५ च्या दुरुस्तीप्रमाणे संरक्षण मिळाले काय? आणि ज्या घरात खून झाला त्या घरी मनाचा डॉक्टर एकदा तरी गेला काय?

त्या शिक्षकमित्रांनाही एक सांगणे आहे. मनावर इलाज हवा, हे तुमचे म्हणणे खरे आहे. पण त्याची सुरुवात दवाखान्यात नाही, तुमच्या वर्गात आहे. खर्ड्याचा तो मुलगा शाळेतूनच ओढून नेला होता.