कुंडीतील वाटाणा आणि चलच्चित्र

त्र्यंबकेश्वर येथे ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांचे नाव निघाले की १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ आठवतो. परंतु त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी जे लहानसे चलच्चित्र घेतले, त्याचा नायक कोणी राजा नव्हता. तो कुंडीत रुजणारा वाटाणा होता.

१९१२ च्या प्रारंभी फाळके विलायतेस जाऊन चलच्चित्राची विद्या पाहून आले. कॅमेरा मिळाला, भांडवल मात्र नव्हते. आणि नुसत्या शब्दांवर पैसा कोण देणार? तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला आणि महिन्याहून अधिक काळ ठराविक अंतराने एकेक चित्र घेतले. ती चित्रे सलग फिरविताच बीज अंकुरून त्याचा वेल होईपर्यंतची सारी वाढ सुमारे एका मिनिटात पडद्यावर दिसली. ‘अंकुराची वाढ’ हे ते चित्र. ते पाहणाऱ्यांची खात्री पटली व पुढील कार्यास द्रव्य मिळाले.

रोपाची हालचाल खरीच असते. पण ती इतकी मंद असते की मनुष्याच्या दृष्टीस पडत नाही. इंग्लंडात पर्सी स्मिथ यांनी १९१० साली फुलांचे उमलणे याच रीतीने दाखविले होते. दोघांनीही निसर्गात पदरचे काही घातले नाही. केवळ काळ आखडून दाखविला.

आज समोरच्या दृश्यात फोनच्या पडद्यावर नवी चित्रे मिसळणारी ‘संवर्धित वास्तव’ नावाची विद्या आली आहे. तिला नसलेलेही दाखविता येते. जोखीम आहे ती येथेच. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर हे गोदावरीवरील पक्ष्यांचे पाणथळ क्षेत्र महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून २०२० साली जाहीर झाले. अशा ठिकाणी रिकाम्या पाण्यावर चित्रातील थवे उतरविले तर करमणूक होईल. पण खरे थवे का आले नाहीत, हा प्रश्न कोणाच्या मनात येणार नाही. उलट, चिखलात चोच खुपसणारा पक्षी तेथून काय टिपतो हे त्याच विद्येने दाखविले, तर पाहणाऱ्याची नजर पुन्हा त्या चिखलाकडे वळेल.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी फाळके नाशिक येथे निवर्तले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. त्यांच्या त्या एका मिनिटाच्या चित्राला आधार होता, तो महिनाभर जपलेल्या खऱ्या कुंडीचा. कुंडीतले रोप वाळले असते, तर चित्रही तेथेच थांबले असते.