मेंढ्या, गोगलगायी आणि दहा अंशांचा थांबा

आजची गोष्ट १८७९ सालच्या इंग्लंडमधली आहे. त्या वर्षी तिथे उन्हाळा आलाच नाही म्हटलं तरी चालेल. पाऊस थांबेना, गवत वाळेना, उभं पीक शेतात सडलं. आणि मग हिवाळ्यात मेंढ्या मरायला लागल्या. १८७९-८० च्या त्या हंगामात इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून सुमारे तीस लाख मेंढ्या गेल्या असा अंदाज केला गेला. मेंढी खंगत जायची, जबड्याखाली पाणी साचून पिशवी लोंबायची, आणि मेल्यावर फाडून बघितली की यकृताच्या पित्तनलिकांत पानासारखे चपटे किडे. आपले पशुवैद्य त्याला लिव्हर फ्लूक म्हणतात. शास्त्रीय नाव फॅसिओला हेपॅटिका. तिथले मेंढपाळ या रोगाला नुसतं 'रॉट' म्हणायचे, म्हणजे कुजणं.

किडा काही नवा नव्हता. १३७९ साली, बरोबर पाचशे वर्षं आधी, फ्रान्समध्ये जाँ द ब्री यांनी राजा पाचव्या चार्ल्ससाठी मेंढपाळीवर पुस्तक लिहिलं, त्यात त्याचा उल्लेख आहे. त्यांनी दोष दिला ओलसर जागी उगवणाऱ्या एका वनस्पतीला. ते चुकलं खरं, पण हसू नका. रोग दलदलीतून येतो इथपर्यंत ते पोचले होते, आणि पुढची पाचशे वर्षं विद्वान त्यापलीकडे फारसे गेले नाहीत.

मेंढपाळ मात्र गेले होते. अठराव्या शतकात लेस्टरशायरमध्ये रॉबर्ट बेकवेल नावाचे प्रसिद्ध पशुपालक होते, मेंढ्यांच्या सुधारित जाती तयार करणारे. त्यांच्याबद्दल एक किस्सा सांगतात. आपल्या जातीच्या मेंढ्या खाटकाला विकायच्या, पण तो त्या दुसऱ्याला पैदाशीसाठी विकेल ही भीती. मग काय करायचं? कुरणात पाणी सोडायचं आणि तिथे मेंढ्या चारून त्यांना मुद्दाम रॉट लावायचा. लबाडीच ती. पण यातला बारकावा ऐका: हिवाळ्यात सोडलेल्या पाण्याने काही होत नाही, मे महिन्याच्या मध्यानंतर सोडलं तरच मेंढी आजारी पडते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं म्हणे. कुरण तेच, पाणी तेच, मेंढ्याही त्याच. बदलतो फक्त महिना. हे असं का, ते त्यांना माहीत असायचं काही कारण नव्हतं.

ते कारण शोधायची वेळ १८७९ ने आणली. रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीने ऑक्सफर्डकडे मदत मागितली आणि काम पडलं ए. पी. थॉमस या विशीतल्या तरुणाच्या गळ्यात. तिथले प्राध्यापक रोलस्टन यांचा संशय काळ्या स्लगवर होता. स्लग म्हणजे बिनशंखाची गोगलगाय, जी पावसाळ्यात आपल्या न्हाणीघरातही येते. थॉमसनी एकेक प्राणी तपासत तो संशय बाजूला केला आणि नजर वळवली ती लिम्निया ट्रंकाट्युला या चिमुकल्या, चिखलात राहणाऱ्या गोगलगायीकडे. लांबी जेमतेम सेंटीमीटरभर. गंमत अशी की ती त्यांना पुरेशी सापडेचना! मग १८८२ च्या जुलैमध्ये नदीला पूर आला आणि ऑक्सफर्डजवळच्या कुरणांवर ती ढिगाने आली. तिकडे जर्मनीत लाइपझिगला मोठे शास्त्रज्ञ रुडॉल्फ लॉयकार्ट याच कोड्याच्या मागे होते. त्या ऑक्टोबरात दोघांचे निष्कर्ष दहा दिवसांच्या अंतराने छापून आले.

आता या किड्याचा प्रवास थोडक्यात बघू. मेंढीच्या लेंडीतून अंडी बाहेर पडतात. ओल असेल तर त्यातून पोहणारी अळी निघते, तिला काही तासांत गोगलगाय गाठावीच लागते. गोगलगायीच्या पोटात एकीच्या शेकडो होतात. त्या बाहेर येऊन गवताच्या पात्यावर कवच करून बसतात आणि मेंढी ते गवत खाते.

या साखळीत थंडी दोन ठिकाणी आडवी येते, अंड्यात आणि गोगलगायीत. तापमान दहा अंश सेल्सियसच्या खाली गेलं की दोन्हीकडची वाढ थांबते. उबेत जे अंडं दोन-तीन आठवड्यांत फुटतं ते गारठ्यात कित्येक महिने तसंच पडून राहतं. बेकवेल यांच्या मे महिन्याचं कोडं इथे सुटतं: हिवाळ्यात पाणी असलं तरी साखळी पुढे सरकत नाही.

पण वाढ थांबते म्हणजे किडा मरतो असं नाही, आणि आमच्या मते या सगळ्या इतिहासातली महागात पडलेली समजूत हीच. 'कडाका पडला की रोगराई जाते' असं आपणही म्हणतो ना? शरद ऋतूत लागण झालेली गोगलगाय चिखलात शिरून हिवाळाभर झोपते, तिच्या पोटातल्या अळ्याही तिच्याबरोबर थांबतात, आणि वसंतात दोघींचं काम जिथे थांबलं होतं तिथून सुरू होतं. गवतावरच्या कवचबंद अळ्यांना तर गार, ओलसर हवा मानवते. पुन्हा पुन्हा कडक गोठण झाली तर त्या मरतात, पण त्यांचा खरा शत्रू कोरडं ऊन.

मग एक प्रश्न उरतो. १८७९ चा उन्हाळा थंड होता, तर किड्याची वाढ खुंटायला हवी होती. उलट साथ का आली? कारण इंग्लंडचा 'थंड' उन्हाळा म्हणजे नेहमीपेक्षा थंड. तरीही दहा अंशांच्या वरच. तेवढी ऊब किड्याला पुरली आणि ओल मात्र महिनोन्महिने हटली नाही.

हा हिशेब कागदावर मांडला गेला तो १९५९ साली. ओलरनशॉ आणि रोलँड्स यांनी वेल्समधल्या अँगलसी बेटासाठी सूत्र दिलं: मे ते ऑक्टोबर, दर महिन्याचा पाऊस, पावसाचे दिवस आणि बाष्पीभवन. हिवाळ्याचे महिने धरलेलेच नाहीत, कारण तेव्हा वाढ शून्य. मे आणि ऑक्टोबरचे आकडे निम्मे धरायचे, कारण त्या गारव्यात वाढ निम्म्या वेगाने होते. बेरीज मोठी आली की शेतकऱ्याला आधीच सांगायचं, मेंढ्या ओल्या कुरणातून हलवा, औषध पाजा. अनुभवाने जे बेकवेल यांना कळलं होतं ते आता वजाबाकी-गुणाकारात आलं.

आपल्या दख्खनला हे सूत्र जसंच्या तसं लावता येत नाही. इथे मुख्यतः फॅसिओला जायगँटिका हा त्याचा मोठा भाऊ, तो गरम हवेतला, तळ्या-ओढ्यांतल्या वेगळ्या गोगलगायीतून येणारा. आणि आपल्याकडे साखळी तोडतो तो उन्हाळा. तळी आटतात, गाळ भेगाळतो. तळ्याकाठचं हिरवं गवत दिसलं तरी कळप तिथून लांब ठेवणारा धनगर असाच कुठलासा हिशेब करत असतो.

ब्रिटनमध्ये मात्र हवा बदलतेय. दहा अंशांच्या वरचे दिवस शरदात लांबताहेत, वसंतात लवकर येताहेत. ओलरनशॉंनी ऑक्टोबर निम्मा धरला होता आणि नोव्हेंबर धरलाच नव्हता. आता ऑक्टोबर पूर्ण धरायचा का, नोव्हेंबरचं काय करायचं, हे तिथल्या पशुवैद्यांना नव्याने ठरवावं लागतंय.