फोटो आमचा, बोलणं दुसऱ्याचं



मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या रेडिओ गटातल्या चौघीजणी टँकरपाशी हंडे लावून उभ्या होत्या. एका पेपरचा बातमीदार गाडीवरून आला, फोटो काढले आणि गेला. दुसऱ्या दिवशी पेपरात तो फोटो चांगला मोठा छापून आला. वर मथळा होता, महिलांची पाण्यासाठी वणवण. आम्ही हौसेनं बातमी वाचायला घेतली. तिच्यात सरपंचताईंचे मालक बोलले होते, टँकरचा ठेकेदार बोलला होता, तालुक्यातले एक पुढारी बोलले होते. चौघींपैकी एकीचं नाव नाही की शब्द नाही. टँकर किती दिवस चुकतो, घरटी किती हंडे मिळतात, हे चौघींना तोंडपाठ. बातमीत मात्र छापलं होतं, टँकर रोज येतो.

पुढं आम्ही तक्रार घेऊन गेलो, तेव्हा साहेबांनी तेच कात्रण आमच्यापुढं धरलं. "रोज येतो असं पेपरात आलंय की."

त्या दिवशी आम्हाला कळलं की बातमीत कोण बोलतं, यावर आपलं पाणीसुद्धा अवलंबून असतं. मग आम्ही शोध घ्यायला बसलो. हे कधीपासून चाललंय? आणि कोणत्या बायांनी ते मोडलं?

मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र 'दर्पण'. बाळशास्त्री जांभेकरांनी ते ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू केलं. त्यानंतर पत्रं वाढत गेली. बालविवाह, विधवांचं लग्न, मुलींची शाळा, यांवर रकानेच्या रकाने भरले. विषय बाईचा, पण बाजूनं लिहिणारे पुरुष आणि विरोधात लिहिणारेही पुरुष. ज्यांच्या लिखाणानं बायांचं भलं झालं, त्यांचे उपकार आम्ही विसरत नाही. पण बाईला विचारायचं राहूनच जायचं.

पण १८५५ साली 'ज्ञानोदय' या पत्रात मुक्ताबाईचा निबंध छापून आला. मांग समाजातली ही पोर, जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकलेली, वय जेमतेम चौदा. मांग-महारांच्या दुःखाबद्दल तिनं लिहिलं. आपल्या बाया बाळंत होतात तेव्हा डोक्यावर धड छप्पर नसतं, थंडीवाऱ्यात त्यांचे काय हाल होतात, हे तिनं मांडलं. हे कोणा पंडिताला सुचणारं नव्हतं. बाळंतिणीचे हाल ज्या वस्तीत होतात, त्याच वस्तीतली मुलगी ते सांगू शकते. बातमीत बाईचा शब्द का हवा, याचं उत्तर आम्हाला तिथंच मिळालं.

दुसरी गोष्ट १८८१ सालची. सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर आपलं मूल मारल्याचा खटला चालला. तिला फाशी सुनावली, पुढं अपिलात शिक्षा कमी झाली. पत्रांना विषय मिळाला. पुण्याच्या 'पुणेवैभव' पत्रानं तर सगळ्या बायांच्याच चालीवर तोंडसुख घेतलं. त्या मुलीला त्या दशेला कुणी नेलं, तो पुरुष कुठं गेला, हे कुणी विचारलं नाही. ते वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचा संताप झाला. १८८२ साली त्यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक छापलं आणि दोष एकट्या बाईच्याच माथी का, असा रोखठोक सवाल केला. त्यांच्यावर टीका झाली, तेव्हा जोतिराव त्यांच्या बाजूनं उभे राहिले.

तिसरी रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेलं. मोठी झाल्यावर तिनं नवऱ्याकडं नांदायला जायचं नाकारलं, म्हणून त्यानं मुंबईच्या कोर्टात दावा लावला. गावोगाव तिच्या नावाची चर्चा. 'केसरी'नं तिच्या विरोधात लिहिलं. तिनं काय केलं? १८८५ साली 'टाइम्स ऑफ इंडिया'ला पत्रं लिहिली आणि बालविवाहानं मुलींचं शिक्षण कसं बुडतं ते सांगितलं. पण खाली स्वतःचं नाव घातलं नाही, 'एक हिंदू स्त्री' एवढीच सही केली. बघा मैत्रिणींनो, तिची निंदा नावानिशी छापली जायची आणि तिचं म्हणणं मात्र बिननावाचं. १८८७ साली कोर्ट म्हणालं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. ती म्हणाली, कैद चालेल. पुढं ती विलायतेला जाऊन डॉक्टर झाली आणि सुरतेत कित्येक वर्षं बायांवर उपचार केले.

आणि चौथ्या तानुबाई बिर्जे. शेतकरी-कामकऱ्यांचं 'दीनबंधु' पत्र कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली काढलं होतं. तानुबाईंचे पती वासुदेवराव ते चालवत. त्यांच्या मागं १९०८ ते १९१२ तानुबाईंनी संपादकाचं काम सांभाळलं. म्हणजे बाई नुसती बातमीचा विषय राहिली नाही, बातमी ठरवणारी झाली. तरी शाळेच्या पुस्तकात आम्हाला त्यांचं नाव कधी भेटलं नाही. होमाई व्यारावाला या देशातल्या पहिल्या बाई वृत्तछायाचित्रकार, पण त्यांचे सुरुवातीचे फोटोही नवऱ्याच्याच नावानं छापले गेले.

आता अलीकडं या. १९९४ साली बँकॉकला देशोदेशीच्या बाया जमल्या आणि म्हणाल्या, नुसती तक्रार नको, मोजूया. १८ जानेवारी १९९५ या एकाच दिवशी ७१ देशांतल्या लोकांनी पेपर, रेडिओ, टीव्हीच्या बातम्या मोजल्या. बातमीत दिसणाऱ्या, बोलणाऱ्या शंभर माणसांत बाया होत्या १७. दर पाच वर्षांनी ही मोजणी होते. २०२० साली ११६ देशांत मोजलं, तेव्हा बाया होत्या २५. पंचवीस वर्षांत वाढल्या आठ.

बातमीदारांत बाया जास्त झाल्या. १९९५ला शंभरात २८ होत्या, २०२०ला ४० झाल्या. बाई बातमीदार असली की बातमीत बायांना थोडी जास्त जागा मिळते, असंही मोजणीत दिसलं. पण थोडीच. कारण बातमी मिळवायची वाट जुनीच राहिली. बातमीदाराला संध्याकाळपर्यंत बातमी द्यायची असते. तो पोलीस ठाण्यात जातो, पंचायत समितीत जातो, पारावर थांबतो, फोनमध्ये नंबर असेल त्याला विचारतो. त्या वेळी आपण रानात किंवा चुलीपुढं. शिवाय बाईला विचारलं तरी 'तुम्हाला कसं वाटलं' एवढंच विचारतात. जाणकार म्हणून मत विचारायचं ते पुरुषाला. आणि ओळख लिहिताना अमक्याची बायको, तमक्याची आई.

ही वाट बदलता येते. २००२ साली चित्रकूटला 'खबर लहरिया' हे बुंदेली पत्र सुरू झालं. खेड्यातल्या बाया, त्यांत बऱ्याच दलित, त्या बातमीदार झाल्या. रस्ता, रेशन, पाणी, पोलीस, सगळ्यांवर लिहू लागल्या. २००८ साली तेलंगणातल्या माचनूरला दलित बायांनी संघम रेडिओ सुरू केला. त्याच वर्षी आपल्या साताऱ्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी सुरू झाली.

आणि आमचं काय? खरं सांगतो, आमचेही हात स्वच्छ नाहीत. आमच्याच रेडिओची वही उघडली. शेतीवर बोलायला बोलावले साहेब. बियाणं जपणारी, शेळ्या पाळणारी बाई आली ती लोणचं कसं घालायचं ते सांगायला. वाचताना आमच्याच माना खाली गेल्या. तेव्हापासून ठरवलंय, शेतीच्या कार्यक्रमात शेत करणारी बाई असलीच पाहिजे आणि तिचं नाव तिचंच घ्यायचं.

तुम्हीही गटाच्या बैठकीला एका दिवसाचा पेपर आणा. बोलणाऱ्या बायांच्या नावाखाली लाल रेघ मारा, पुरुषांच्या नावाखाली निळी. मोजा आणि बोला. पाणी, रेशन, दवाखाना, शाळा, ज्या बाईला ज्यातलं कळतं तिचं नाव आणि नंबर, तिला विचारून, कागदावर लिहा. तो कागद तालुक्याच्या बातमीदाराला द्या. तो फोटो काढायला आला तर म्हणा, "दादा, आधी नाव लिहून घ्या, मग फोटो."

आम्ही यंदा टँकरची वही ठेवलीय. कोणत्या तारखेला आला, कधी नाही आला, खाली चौघींच्या सह्या. पेपरात येवो न येवो, या खेपेला साहेबांपुढं कात्रणाऐवजी ती वही जाईल.