चौकट, अट आणि काळ : बुलढाणा जिल्ह्याच्या नकाशातील वेचणीचा प्रश्न

इ. स. 1901 च्या खानेसुमारीत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या 4,23,616 नोंदली गेली. त्याच वर्षीच्या त्याच खानेसुमारीच्या आधारे पुढील काळातील संदर्भग्रंथांत 6,13,756 हाही आकडा दिलेला आढळतो. दोन्ही आकडे बरोबर आहेत. त्यांमधील 1,90,140 माणसांचा फरक ना जन्ममृत्यूने घडला, ना स्थलांतराने. तो केवळ सीमारेषेने घडविला. 1905 साली वऱ्हाडातील सहा जिल्ह्यांचे चार जिल्हे करण्यात आले. एलिचपूर अमरावतीत विलीन झाले, वाशीम मोडले गेले, आणि अकोला जिल्ह्यातील खामगाव व जळगाव हे दोन तालुके बुलढाण्यास जोडण्यात आले. चिखली, मलकापूर व मेहकर या तीन तालुक्यांच्या जिल्ह्यात 853 चौरस मैलांची भर पडून त्याचे क्षेत्र 3,662 चौरस मैल झाले.

संख्याशास्त्राच्या दृष्टीने ही बाब किरकोळ वाटेल. इतिहासाच्या दृष्टीने ती तशी नाही. 1891 ते 1901 हे दशक दुष्काळाचे होते व जुन्या जिल्ह्याची लोकसंख्या त्यात सुमारे बारा टक्क्यांनी घटली होती. जो अभ्यासक 1901 चा लहान आकडा घेऊन त्याची तुलना 1911 च्या विस्तारित जिल्ह्याशी करील, त्यास दुष्काळाने पोळलेला प्रदेश दहा वर्षांत विलक्षण भरभराटीस आल्याचे दिसेल. खामगावसारखी कापसाची मोठी पेठ, जिच्यासाठी 1870 साली जलंबपासून लोहमार्गाची स्वतंत्र शाखा काढली गेली, ती एकोणिसाव्या शतकाच्या अभ्यासात अकोल्याच्या खाती आणि विसाव्या शतकाच्या अभ्यासात बुलढाण्याच्या खाती पडते. पेठ मात्र जागची हललेली नाही.

हा प्रश्न अलीकडे अधिक निकडीचा झाला आहे, कारण गावांची वेचणी आता संगणकाकडून करून घेतली जाते. बिंदू, रेषा व बहुभुज या आकृतींनी बनलेल्या आणि प्रत्येक आकृतीस गुणांची नोंद जोडलेल्या सामग्रीस सदिश सामग्री म्हणतात. नाव नवे असले तरी वऱ्हाडाच्या महसुली परंपरेस कल्पना अपरिचित नाही. 1847 च्या संयुक्त अहवालात गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन यांनी ज्या मुंबई पद्धतीस निश्चित रूप दिले, ती 1860 नंतरच्या दशकात वऱ्हाडात लागू झाली. गावनकाशावर शेताची आकृती व तिचा सर्व्हे नंबर असे. त्याच नंबरापुढे पुस्तकात क्षेत्र, प्रत व आकार लिहिला जाई. आकृती एकीकडे, गुण दुसरीकडे, आणि दोहोंना बांधणारा क्रमांक. संगणकातील रचना याहून तत्त्वतः वेगळी नाही.

अशा सामग्रीची वेचणी करणारे सर्वपरिचित साधन म्हणजे जीडीएएल. फ्रँक वॉर्मरडॅम यांनी त्याचे काम 1998 साली आरंभिले. त्यातील ‘ओजीआर-टू-ओजीआर’ या आज्ञेने अभ्यासकांची दीर्घकाळ सेवा केली. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 3.11 या आवृत्तीत केवळ गाळणीसाठी ‘जीडीएएल व्हेक्टर फिल्टर’ ही स्वतंत्र आज्ञा आली. पडद्यावर नकाशा न उघडता एका ओळीत मूळ संचिका, नवी संचिका व निकष लिहावयाचा, एवढेच काम असते. निकष प्रामुख्याने दोन प्रकारचे : अक्षांश-रेखांशांची चौकट आणि गुणांवरील अट.

चौकटीचा मोह मोठा असतो, पण बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात ती फार ढिली ठरते. जुन्या वर्णनांत हा जिल्हा उत्तर अक्षांश 19°51' ते 21°17' व पूर्व रेखांश 75°57' ते 76°59' यांमध्ये दाखविला आहे. तेवढी चौकट दिली असता अकोला जिल्ह्यातील बाळापूर व तेल्हारा, वाशीम जिल्ह्यातील रिसोड आणि खानदेशातील मुक्ताईनगर ही सारी गावे निमूटपणे आत येतात. अकोला शहर मात्र काही मिनिटांच्या अंतराने बाहेर राहते. शिवाय चौकट वेचते, कापत नाही. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावणारी पैनगंगा सामग्रीत एकच रेषा म्हणून नोंदलेली असेल, तर चौकटीस स्पर्श झाल्याबरोबर ती वर्धेच्या संगमापर्यंत सबंध हाती येते. नदीची जिल्ह्यातील लांबी हवी असल्यास छेदाची क्रिया निराळी करावी लागते. हे ध्यानी न घेता काढलेले मोजमाप कित्येक पटींनी फुगते.

अटीची गाळणी नेमकी असते, आणि म्हणूनच तिची फसगत अधिक सूक्ष्म. इंग्रजी कागदपत्रांत जिल्ह्याचे नाव हकार वगळून व हकारासह असे दोन्ही तऱ्हांनी येते. 2011 च्या जनगणनेत ते हकाराविना आहे. मराठीतही बुलडाणा व बुलढाणा ही दोन्ही रूपे छापली जातात. एका रूपाची अट घातली की दुसऱ्या रूपाच्या नोंदी गळतात. ज्या नोंदीत जिल्ह्याचा रकाना रिकामाच आहे, ती तर सामान्यतः ‘बुलढाणा असलेल्या’ आणि ‘बुलढाणा नसलेल्या’ अशा दोन्ही वेचण्यांतून निसटते. आज्ञा त्याबद्दल तक्रार करीत नाही. म्हणून वेचणीपूर्वीची व नंतरची नोंदसंख्या ताडून पाहणे हा लिपिकी उपचार न मानता संशोधनाचाच भाग मानला पाहिजे.

काळाचा प्रश्न मात्र दोहोंपैकी कोणत्याच निकषाने आपोआप सुटत नाही. आज जिल्ह्यात तेरा तालुके आहेत. 1905 नंतर पाच होते, त्यापूर्वी तीन. मोताळा, नांदुरा, शेगाव, संग्रामपूर, लोणार ही नावे तालुका म्हणून 1901 च्या सामग्रीत शोधणे व्यर्थ होय. उपाय एवढाच की गाव हे मूळ एकक धरावे, आणि प्रत्येक गावापुढे 1901 चा तालुका, 1911 चा तालुका व आजचा तालुका असे वेगवेगळे रकाने ठेवावेत. मग 1901 च्या रकान्यावर चिखली, मलकापूर व मेहकर अशी अट घातली की जुना जिल्हा उभा राहतो. तीत अकोल्यातून आलेले खामगाव व जळगाव मिळविले की नवा. खर्डा कष्टाचा आहे. जुनी गावे उठली, काहींची नावे पालटली, काही दोन गावांची मिळून एक झाली. ही जुळणी माणसानेच करावयाची असते.

या कामी लोकव्यवहाराने काही सोय आधीच करून ठेविली आहे. केवळ ‘जळगाव’ या नावाने वेचणी केल्यास खानदेशातील जळगावही हाती लागते. शेजारच्या जामोद गावाचे नाव जोडून जळगाव जामोद म्हणण्याचा प्रघात रूढ आहे. सिंदखेड राजा व देऊळगाव राजा यांच्या नावांतील दुसरा शब्दही नामसाम्य टाळण्यास असाच उपयोगी पडतो. सामग्री तयार करणारे मात्र पुष्कळदा जागा वाचविण्यासाठी नेमका हाच शब्द गाळतात.