रेवदंडा ते कोर्लई: खाडीच्या अलीकडे चर्चचं शहर, पलीकडे किल्ला, पायथ्याशी बोलती भाषा

अलिबागहून मुरूडला जाणारी एसटी रेवदंड्यात शिरते म्हणजे खरं तर एका किल्ल्यात शिरते. रस्ता तटबंदीतूनच आत जातो. बाजारपेठ, शाळा, घरं, नारळी-पोफळीच्या वाड्या असा गावाचा मोठा भाग तटाच्या आतच वसलेला आहे. बहुतेक पर्यटकांना जंजिरा गाठायची घाई असते, त्यामुळे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. पुढे कोर्लईला जे थांबतात ते दीपगृहाजवळ फोटो काढून निघतात.

ही दोन्ही ठिकाणं जोडून एक दिवस पायी फिरलं, तर पोर्तुगीजांचं एक शहर कोकणात कसं उभं राहिलं, कसं गेलं आणि त्यातलं नेमकं काय शिल्लक राहिलं, हे ओळीने बघायला मिळतं. क्रम मात्र आधी रेवदंडा, मग कोर्लईचा किल्ला आणि शेवटी कोर्लई गाव असाच ठेवावा. उलटं केलं की गावाचं महत्त्व कळत नाही, ते नुसतं वाटेवरचं गाव वाटतं.

दोन काठ, एक बंदर

रेवदंडा अलिबाग तालुक्यात, अलिबागपासून सुमारे १७ किलोमीटरवर. कोर्लई मुरूड तालुक्यात, साळावच्या पुलापलीकडे. मधे कुंडलिका नदी समुद्राला मिळते. या मुखाच्या उत्तरेला सपाट जमिनीवर रेवदंडा आणि दक्षिणेला समुद्रात घुसलेली कोर्लईची लांबट टेकडी. किनाऱ्यावर उभं राहून समोर बघितलं की सगळा इतिहास नकाशासारखा दिसतो. टेकडी ज्याच्या हातात, त्याला बंदराचं तोंड बंद करता येतं.

बंदर पोर्तुगीजांच्या कितीतरी आधीचं. चौल हे नाव परदेशी प्रवाशांच्या लिखाणात फार जुन्या काळापासून येतं. रशियन व्यापारी अफनासी निकितिन १४६९ मध्ये इथेच उतरला, विकायला एक घोडा घेऊन. त्याचं स्मारक रेवदंड्यातल्या शाळेच्या आवारात आहे.

१५०८ मध्ये याच पाण्यात इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराने पोर्तुगीजांना हरवलं. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मैदा त्या लढाईत मारला गेला. तरी पोर्तुगीज हटले नाहीत. १५१६ मध्ये वखार घातली आणि निजामशाहाच्या परवानगीने १५२१ ते १५२४ या काळात किल्ला बांधला. तेव्हापासून चौल दोन झाले. वरचं चौल निजामशाहीचं आणि खालचं, म्हणजे आजचं रेवदंडा, पोर्तुगीजांचं.

परवानगी देणाऱ्याच घराण्याला पुढे पस्तावायची वेळ आली. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशाहाने रेवदंड्याला वेढा घातला, कित्येक महिने तोफा चालल्या, पण गाव पडलं नाही. मग १५९० नंतरच्या वर्षांत निजामशाहीने समोरच्या टेकडीवरच किल्ला बांधायला घेतला. इथून मारा केला की रेवदंड्याकडे जाणारी गलबतं अडवता येणार होती. पोर्तुगीजांनाही हे समजत होतंच. १५९४ मध्ये त्यांनी हल्ला करून टेकडी घेतली. पळापळीत एक हत्ती दरवाज्यातच कोसळला आणि दार लावता आलं नाही, अशी हकीकत पोर्तुगीज बाजूने सांगितली जाते. पुढे १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजांनी चौल-रेवदंड्याला वेढा दिला, तोही त्यांनी सोसला. शेवटी १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि उत्तरेतली पोर्तुगीज सत्ता मोडली. १७४० च्या तहाने रेवदंडा आणि कोर्लई दोन्ही मराठ्यांकडे आले. १८१८ मध्ये इंग्रज आले, तोवर बंदराचं महत्त्व मुंबईने कधीच खाल्लं होतं.

रेवदंड्यातली फेरी

तटाच्या आतला भाग बघायला दोन-अडीच तास हाताशी ठेवावेत. फार चालणं नाही, पण वाटा वाड्यांमधून जातात आणि थांबून बघण्यासारखं बरंच आहे.

सगळ्यात आधी नजरेत भरतो तो सातखणी मनोरा. नावाप्रमाणे एके काळी सात मजली, आता चार उभे आहेत. पायथ्याशी तोफा पडलेल्या आहेत. अनेकजण याला टेहळणी बुरूज समजतात आणि काही फलकांवरही मोघम ‘मनोरा’ एवढंच असतं. मुळात हा फ्रान्सिस्कन साधूंच्या चर्चचा मनोरा. समुद्रावरून येणाऱ्या गलबताला तो लांबून दिसत असणार, म्हणून टेहळणीला वापरला गेला असेलही, पण त्याचं मूळ काम घंटेचं.

फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट, ऑगस्टिनियन या चारही पंथांनी या एवढ्याशा गावात आपापली चर्च आणि मठ बांधले होते. आज उभ्या आहेत त्या भिंती, कमानी, कुठे छताच्या घुमटाचा तुकडा. डॉमिनिकन चर्चचे अवशेष त्यातल्या त्यात बरे आहेत. कमानीखाली उभं राहिलं की मूळ उंचीचा अंदाज येतो. त्याच कमानीच्या सांध्यातून वड-पिंपळाची मुळं खाली उतरलेली दिसतात. इथला चुन्यातला दगड वाऱ्यापावसाने जितका हलला नाही, तितका या मुळांनी हलवला. झाड तोडायला जावं तर भिंतच सोबत येते, आणि तसंच ठेवलं तर दर पावसाळ्यात फट वाढते. यावर उपाय जाणकारांनीच करायचा असतो, उत्साहाने कोयता चालवणाऱ्यांनी नाही.

समुद्राकडचा तट किनाऱ्यावरून बघायचा. काळा दगड, त्यातल्या फटी, काही ठिकाणी तळाशी भुयारासारखी तोंडं. या भुयारांत शिरू नये. आत काय ढासळलेलं आहे ते बाहेरून कळत नाही, आणि साप-विंचू तर आहेतच.

रेवदंड्यात बेने इस्रायली समाजाचं सिनेगॉगही आहे. आपल्याकडे ज्यांना ‘शनिवार तेली’ म्हणायचे तो हा समाज. चौलला रामेश्वराचं देऊळ आणि टेकडीवरचं दत्त मंदिर आहे. वेळ असेल तर जरूर बघावं, पण हे सगळं एकाच दिवसात कोंबू नये.

पूल ओलांडून किल्ल्यावर

रेवदंडा ते साळाव पुलावर वाहनांची वर्दळ असते, तेव्हा तेवढा टप्पा एसटीने किंवा रिक्षाने करावा. साळावला डोंगरावर बिर्ला मंदिर दिसतं. तिथून मुरूडच्या रस्त्याने पुढे गेलं की कोर्लई येतं. गाव टेकडीच्या मानेवर आहे, किल्ला डोक्यावर.

चढायला दोन बाजू. दीपगृहाच्या अंगाने पायऱ्या आहेत, ती वाट सोपी. दुसरी गावाकडून टेकडीच्या सोंडेवरून चढते. टेकडीची उंची शंभर मीटरच्या आतच, त्यामुळे पाऊण तासात कुणीही वर जाईल. पण सावली नाही. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी बारा वाजता चढलात तर उंची नाही, ऊन थकवतं.

किल्ला अगदी अरुंद आणि लांब आहे. टेकडीचा कणाच तटाने बांधून काढल्यासारखा. आडव्या भिंती घालून त्याचे भाग पाडलेले आहेत आणि एकामागून एक दरवाजे लागतात. शत्रू एका भागात शिरला तरी पुढचा भाग लढवता यावा, हा त्यामागचा हिशोब. बुरुजांना संतांची नावं होती, मराठ्यांनी ती बदलून आपली दिली. काही दगडांवर पोर्तुगीज अक्षरं अजून वाचता येतात. तोफा आहेत, पाण्याचं टाकं आहे, महादेवाचं छोटं देऊळ आहे. आणि छप्पर उडालेलं एक चर्च आहे, ज्याच्या भिंती अजून ताठ उभ्या आहेत.

चर्चपाशी थोडं थांबावं. किल्ल्यावरच्या शिबंदीची ही प्रार्थनेची जागा. महादेवाचं देऊळही इथून फार लांब नाही. कुणी काय पाडलं, कुणी काय बांधलं यावर इथे वाद घालणारे भेटतात. प्रत्यक्षात वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगीज चर्चच्या घंटा आपल्या देवळांत लागल्या, नाशिकच्या नारोशंकराला, भीमाशंकरला, आणि त्या आजही वाजतात. वस्तू जपल्या गेल्या त्या अशाच, मालक बदलून.

किल्ल्याच्या उत्तर टोकाला गेलं की समोर कुंडलिकेचं मुख आणि पलीकडे रेवदंडा. सकाळी आपण जिथे उभे होतो ती जागा इथून दिसते. १५९४ ची लढाई कशासाठी झाली, हे इथे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

खाली उतरल्यावर: ‘नो लिंग’

या वाटेवरची सगळ्यात जुनी जिवंत गोष्ट किल्ल्यावर नाही, पायथ्याच्या गावात आहे. १७४० नंतर पोर्तुगीज सैन्य आणि अधिकारी निघून गेले. किल्ल्याच्या आश्रयाने राहिलेली ख्रिस्ती कुटुंबं मात्र इथेच राहिली. काहींचे पूर्वज पोर्तुगीज शिपाई, काहींचे इथलेच धर्मांतरित लोक. पोर्तुगालशी संबंध तुटला, उरला तो चर्चपुरता. आजूबाजूला सगळीकडे मराठी. अशा परिस्थितीत त्यांची भाषा संपायला हवी होती, पण ती टिकली. ते तिला ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आमची भाषा’. अभ्यासक तिला कोर्लई क्रिओल म्हणतात.

हिची गंमत अशी की शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्याची बांधणी मराठीसारखी, क्रियापद शेवटी. पोर्तुगीज माणूस ऐकेल तर शब्द ओळखीचे वाटतील, वाक्य वाटणार नाही. आपल्याला वाक्याचा ठेका ओळखीचा वाटतो, शब्द कळत नाहीत. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी हिचा अनेक वर्षं अभ्यास केला, त्यांचं पुस्तक १९९६ मध्ये आलं. बोलणारे जेमतेम हजाराच्या आसपास, आणि तेही मुख्यत: या एका गावात.

किल्ल्याचे दगड निदान दिसतात तरी. भाषा ढासळते तेव्हा आवाजही होत नाही. मुलं मराठी शाळेत जातात, आता इंग्रजीतही. चर्चमधली प्रार्थना पूर्वी पोर्तुगीजमध्ये असे, आता ती मराठीत होते. नोकरीसाठी माणसं मुंबई-अलिबागकडे जातात. घरात आजी आणि आईशी बोलली जाते तोवरच ही भाषा आहे. तिच्या नावाने इथे ना फलक आहे ना तिकीट, आणि बहुतेक पर्यटक तिच्या शेजारून निघून जातात.

गावातलं माउंट कार्मेल चर्च वापरातलं आहे. ते स्मारक नव्हे, लोकांचं प्रार्थनास्थळ आहे. मिस्सा चालू असेल तर आत जाऊन फोटो काढू नयेत, चपला-टोपीबाबत तिथले लोक करतात तसं करावं. आणि एक गोष्ट फार खटकते: अंगणात बसलेल्या बाईंसमोर मोबाइल धरून ‘जरा पोर्तुगीजमध्ये बोलून दाखवा ना’ म्हणणं. ती माणसं रायगड जिल्ह्यातली आहेत, मराठी तुमच्याइतकीच बोलतात. गप्पा मारा, मासळीचा भाव विचारा, काकू-मावशी म्हणून चार शब्द बोला. त्यांना वाटलं तर त्याच भाषेविषयी सांगतील.

चालणाऱ्यांसाठी

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा चांगला काळ. पावसाळ्यात हिरवळ सुरेख असते, पण किल्ल्यावरचे दगड शेवाळतात आणि टेकडीच्या कडा सरळ पाण्यात उतरतात, वारा ढकलतो. मुंबईकडून येणाऱ्यांना मांडव्याला बोटीने उतरून अलिबाग गाठता येतं. पावसाळ्यात लहान लाँच बंद असतात, भाऊच्या धक्क्यावरून रो-रो मिळते, तीही हवामान बघून.

रेवदंड्याचा समुद्राकडचा तट ओहोटीलाच बघायचा. वेळ काढायचा कोकणातला जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता भरती आणि साधारण सहा तासांनी, नऊला ओहोटी. म्हणजे चतुर्थी-पंचमीच्या सुमारास सकाळची फेरी उत्तम जमते. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी पाणी तटाला लागतं, तेव्हा किनाऱ्याने जाऊ नये. हिशोब ढोबळ आहे, शेवटचा शब्द गावातल्या कोळ्याचा.

तटाच्या आतल्या बऱ्याच वाड्या खासगी आहेत. कुंपणातून शिरण्याआधी हाक मारावी, कुणी अडवत नाही. पडलेला नारळ आपला नसतो. जिथे पुरातत्त्व खात्याचा फलक आहे तिथे भिंतीवर नाव कोरणं हा १९५८ च्या कायद्याखाली गुन्हा आहे: २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. किल्ल्यावर पिण्याचं पाणी मिळेल असं धरून चालू नये, माणशी दोन लिटर न्यावं आणि रिकाम्या बाटल्या खाली आणाव्यात. टाक्यात उतरू नये.

जेवणाची सोय रेवदंड्यात होते. कोर्लईत काही घरांतून आधी सांगितलं तर मासळीचं जेवण मिळतं, ऐन वेळी दहा जणांनी दारात उभं राहू नये. परतीच्या एसटीची वेळ सकाळी उतरतानाच स्टँडवर विचारून ठेवावी, कारण संध्याकाळी मुरूडकडून येणारी गाडी कोर्लई फाट्यावर बरेचदा भरलेलीच येते.