डोंगरदर्शनाचें मोल

नवें घर घेणारा मनुष्य खोल्या मोजतो, भिंती ठोकून पाहतो आणि शेवटीं खिडकी उघडतो. खिडकींतून डोंगर दिसला, तर पुष्कळदां मागचा सारा हिशेब तो विसरून जातो. त्या दृश्याची किंमत खरेदीखतांत वेगळी मांडलेली नसते. म्हणून तें फुकट पदरांत पडलें, असें त्यास वाटतें. तें खरोखरीच फुकट असतें कीं काय, हें अमेरिकेंतील एका खोऱ्याच्या इतिहासावरून चांगलें उमजतें.

कॅलिफोर्नियांतील लॉस एंजलिस शहराच्या वायव्येस सॅन फर्नांडो नांवाचें खोरें आहे. दक्षिणेस सांता मोनिकाचे डोंगर, उत्तरेस सांता सुझाना आणि ईशान्येस सॅन गेब्रिएलची उंच रांग, अशा कोंदणांत तें बसलें आहे. येथें मूळचे इंडियन लोक राहत. १७९७ सालीं स्पॅनिश पाद्र्यांनीं येथें मठ स्थापिला. पुढें मेक्सिकोचा व त्यानंतर अमेरिकेचा अंमल आला. गुरें चरत होतीं तेथें गव्हाचीं शेतें झालीं. परंतु पाऊस बेताचा आणि नदी बहुतेक वर्षभर कोरडी. डोंगर कितीही सुंदर असले, तरी दृश्यावर तहान भागत नाहीं. पाण्यावांचून तेथें मोठी वस्ती होणें शक्य नव्हतें.

तें पाणी दूरच्या ओवेन्स खोऱ्यांतून आलें. १९०५ पासून लॉस एंजलिस शहरानें तेथील जमिनी व पाण्याचे हक्क विकत घेण्यास आरंभ केला आणि इंजिनिअर विल्यम मुलहॉलंड यांच्या देखरेखीखालीं २३३ मैलांचा कालवा बांधिला. इकडे १९०९-१० च्या सुमारास कांहीं धनिकांच्या मंडळीनें सॅन फर्नांडो खोऱ्यांतील ४७,५०० एकर जमीन पंचवीस लक्ष डॉलरांस घेतली. या मंडळींत शहरांतील एका बड्या वृत्तपत्राचे मालक हॅरिसन ग्रे ओटिस होते, त्यांचे जांवई हॅरी चँडलर होते, आणि शहराच्या पाणीपुरवठा मंडळाचे सभासद मोझेस शर्मनही होते. पाणी कोणीकडे वळणार, याचा अंदाज त्यांना सामान्य नागरिकांहून अधिक असला, तर त्यांत नवल नाहीं. ५ नोव्हेंबर १९१३ रोजीं पाणी खोऱ्याच्या उत्तर टोकास उतरलें. तें पाणी शहराच्या हद्दींतच मिळणार होतें. म्हणून १९१५ सालीं खोऱ्याचा बहुतेक भाग मतदानानें शहरांत सामील झाला. ज्या सॅन फर्नांडो गांवाजवळ स्वतःच्या विहिरी होत्या, तें मात्र वेगळें राहिलें व आजही वेगळेंच आहे.

याचें मोल ओवेन्स खोऱ्यानें दिलें. १९२४ सालीं तेथील संतप्त लोकांनीं सुरुंग लावून कालवा फोडला. पण पाणी परत गेलें नाहीं. तेथील विस्तीर्ण सरोवर आटलें व त्याच्या तळाची खारट धूळ वाऱ्यावर उडूं लागली. पुढें त्या धुळीच्या बंदोबस्तासाठीं याच शहरास अपार द्रव्य खर्चावें लागलें.

दुसऱ्या महायुद्धानंतर खोऱ्याचें रूप पालटलें. १९४४ च्या कायद्यानें परतलेल्या सैनिकांच्या गृहकर्जास सरकारी हमी मिळाली. पुष्कळांना आगाऊ रक्कम न भरतां घर घेतां येऊं लागलें. १९४७ सालीं मोटारींचा मोठा कारखाना येथें सुरू झाला. युद्धकाळांत जहाजें झपाट्यानें बांधणारे हेन्री कायझर आणि बिल्डर फ्रिट्झ बर्न्स यांनीं त्याच सुमारास एका जुन्या गोठ्याच्या जमिनीवर सुमारें दोन हजार घरांची वसाहत उभारिली. घरांचे भाग कारखान्यांत तयार होत व जागेवर जोडले जात. तिचें नांव पॅनोरमा सिटी, म्हणजे विशाल दृश्याचें नगर! १९५० सालीं खोऱ्याची वस्ती चार लक्ष होती. दहा वर्षांत ती दुप्पट झाली.

परंतु हें दृश्य सर्वांकरितां नव्हतें. खोऱ्यांतील अनेक वसाहतींच्या खरेदीखतांत अशी अट असे कीं, गौरेतरांस घर विकूं नये. निग्रो सैनिकानें तीच लढाई लढली असली, तरी त्यास बहुधा ईशान्येकडील पकोइमा भागांतच घर मिळे. डोंगर तेथूनही दिसत. पण शेजार निवडण्याची मुभा नसे. १९४८ सालीं सुप्रीम कोर्टानें ठरविलें कीं, अशा अटींची अंमलबजावणी न्यायालयांनीं करूं नये. तरीही भेद मोडला नाहीं. १९६३ सालीं कॅलिफोर्नियानें घरविक्रींतील भेदभावाविरुद्ध कायदा केला, तर दुसऱ्याच वर्षीं सुमारें दोनतृतीयांश मतदारांनीं तो निष्फळ ठरविला! तें मतदान १९६७ सालीं सुप्रीम कोर्टानें घटनाबाह्य ठरविलें आणि १९६८ सालीं देशव्यापी कायदा झाला.

शेवटचा हिशेब खुद्द डोंगरांनीं मांडला. हे डोंगर भूमीच्या कवचावरील दाबामुळें अद्यापि वर उचलले जात आहेत. तें उचलणें म्हणजेच भूकंप. ९ फेब्रुवारी १९७१ रोजीं सकाळीं सहा वाजतां ६.६ प्रतीचा धक्का बसला. साठांहून अधिक लोक मेले. त्यांतील बहुतेक निवृत्त सैनिकांच्या एका जुन्या इस्पितळांत दडपले गेले. नुकतेंच बांधलेलें दुसरें इस्पितळही निकामी झालें. ओवेन्सचें पाणी सांठविणाऱ्या धरणाचा माथा घसरला आणि पाणी उतरवीपर्यंत सुमारें ऐंशीं हजार लोकांना घरें सोडावीं लागलीं. जें पाणी वस्तीचें जीवन होतें, तेंच कांहीं दिवस तिच्या डोक्यावर टांगलें होतें. १७ जानेवारी १९९४ रोजीं पहाटे नॉर्थरिज येथें पुन्हां ६.७ प्रतीचा भूकंप झाला. तो ज्या भेगेवर झाला, ती जमिनीखालीं दडलेली होती. तिची ओळख त्या दिवशींच पटली. त्या धक्क्यानें सांता सुझानाचे डोंगर फूटभर उंच झाले.

यांतून एक शहाणपण मात्र निघालें. १९७२ च्या कायद्यान्वयें ज्ञात जागृत भेगेवर राहतें घर बांधण्यास बंदी आली, आणि घर अशा पट्ट्यांत असल्यास विकणाऱ्यानें तें घेणाऱ्यास सांगणें आवश्यक झालें. गौरेतरांना मज्जाव करणारी अट ज्या जातीच्या कागदांत एके काळीं लिहिली जाई, त्यांत आतां जमिनीची खरी हकीकत लिहावी लागते. खिडकी उघडण्यापूर्वीं तो कागद वाचणें, पाणी कोठून येतें तें विचारणें आणि शेजार कोणास नाकारला गेला होता हें जाणणें, एवढें घर घेणाऱ्याच्या हातीं आहे. मग डोंगर पाहावा. तो तेव्हांही तितकाच सुंदर दिसतो.